अडगळ आणि भेंड्या

(कोजागिरीच्या रात्री बडनेरा येथे मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांस विनविले की, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर. मला विद्वत्तेचा विषय देऊ नये. त्यावर ते म्हणाले, “मग घरातलेच काही सांगा.” घरात सांप्रत दोनच उद्योग चालू आहेत. दिवाळी पंधरा दिवसांवर आल्यामुळे सकाळी माळ्यावरची अडगळ काढणे आणि सायंकाळी नातवंडांसमवेत गाण्याच्या भेंड्या खेळणे. एक उद्योग कंबर मोडणारा, दुसरा घसा बसविणारा. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो आहे, हे उमगावयास मला एकवीस वर्षे लागली. ती हकीकत आज सांगावी असा विचार आहे.

प्रथम अडगळीकडे वळतो. अडगळ प्रत्येक घरी असते. परंतु बडनेऱ्याच्या घरातील अडगळीस एक विशेष कारण आहे, आणि ते म्हणजे आपले स्टेशन. १८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. हा मार्ग आपल्या बडनेऱ्यावरून गेला; अमरावती बाजूला राहिली आणि तिला येथून फाटा काढावा लागला. त्यामुळे मुंबईस वा नागपुरास जाणारा अमरावतीकर पूर्वी आधी बडनेऱ्यास उतरे. गाडीस अवकाश असला म्हणजे तो नातेवाइकांकडे चहाला येई आणि जाताना म्हणे, “ही एवढी पेटी असू द्या. पुढल्या खेपेला घेऊन जाईन.” ती पुढली खेप काही आली नाही. आमचे घर जुन्या वस्तीत, कवेलूंचे, मोठ्या माळ्याचे. त्या माळ्यावर तीन पिढ्यांच्या आप्तांनी ठेवलेल्या सहा पेट्या, दोन वळकट्या आणि एक हार्मोनियम मी स्वतः मोजली आहे. हार्मोनियमच्या भात्यात उंदरांनी बिऱ्हाड केले होते. तेवढेच तिच्यातून स्वर निघत.

या पेट्या आम्ही गतवर्षी उघडल्या. एकीत कापड नसलेली छत्री निघाली. दुसरीत किल्ली नसलेले कुलूप आणि तिसरीत कुलूप नसलेली किल्ली. ती किल्ली त्याच कुलपाची असावी म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या आशेने लावून पाहिली. ती त्याची नव्हती. तरीही दोन्ही वस्तू पुनश्च जपून ठेवण्यात आल्या. “कधी कामी पडेल” हे आपल्या घरांचे ब्रीदवाक्यच आहे, आणि ते म्हणणाऱ्याला कधी म्हणजे केव्हा, हे विचारण्याची सोय नाही.

भांड्यांचा प्रकार तर याहून मौजेचा. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालण्याची चाल आहे. आमच्या फडताळातील भांडी मी एक दिवस चष्मा लावून वाचली, तेव्हा पाच भांड्यांवर परक्यांची नावे आढळली. कोणाच्या तरी पंगतीस आमची भांडी गेली, परतताना दुसऱ्यांची आली. आणि आम्ही ती पंचवीस-तीस वर्षे निर्धास्तपणे वापरली. मी ती पाचही भांडी घरोघरी नेऊन पोहोचती केली. त्या निमित्ताने आमची तीन परत मिळाली. एक पितळी गुंड आणि एक गंज अद्याप यावयाचा आहे. येथे जमलेल्यांपैकी कोणाच्या घरी तो असल्यास माझी तक्रार नाही. आज दूध ज्या गंजात आटत आहे, त्याच्या काठावरील नाव मात्र मी मघाशी वाचून पाहिले. तो आमचा नव्हे.

आता आवराआवरीचे शास्त्रही निघाले आहे. माझ्या पुण्याच्या सूनबाईंनी मला जपानमधील मारी कोंडो या बाईंची पद्धत समजावून दिली. त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. पद्धत अशी की, एकेक वस्तू हाती घ्यावी आणि आपल्याला तिच्यापासून आनंद होतो काय, हे मनाला विचारावे. होत असेल तर ठेवावी. नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून तळाला भोक पडलेली लोखंडी बादली हाती घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मला आनंद होतो. हिच्यात तुळशीची माती भरता येईल.” जपानी शास्त्र वऱ्हाडात का चालावयाचे नाही, हे त्याच क्षणी मला कळले.

असो. आता भेंड्यांकडे येतो. आम्ही शाळकरी असताना शाळेत भेंड्या होत त्या श्लोकांच्या, आर्यांच्या आणि अभंगांच्या. मोरोपंतांच्या चार आर्या पाठ असलेला मुलगा वर्गात राजासारखा वावरे. १९५७ साली विविध भारती सुरू झाली, घरोघरी रेडिओ आले आणि हळूहळू श्लोकांच्या जागी चित्रपटगीते बसली. पुढे १९९३ साली झी दूरचित्रवाहिनीवर अंताक्षरीचा कार्यक्रमच सुरू झाला आणि आमच्या गल्लीतील मुले आपापसांत त्याची नक्कल करू लागली. मला स्वतःला त्याचे दुःख नाही. ज्या मुलास वर्गात एक कविता पाठ म्हणता येत नसे, तो भेंड्यांत चाळीस गाणी अचूक म्हणे. स्मरणशक्ती नसते असे नाही. तिला आवडीचे खाद्य लागते, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

परंतु आपल्या वऱ्हाडातील मुलींचा याहून जुना एक गाण्यांचा खेळ आहे आणि तो आजच्या रात्रीचाच आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आजपर्यंत, महिनाभर भुलाबाई घरी असे. पश्चिमेकडे ज्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात, खानदेशात जी गुलाबाई, तीच ही आपली भुलाबाई. भुलोबा आणि भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती. त्यांच्या मातीच्या मूर्ती पाटावर मांडावयाच्या, ज्वारीच्या धांड्यांचे मखर करावयाचे आणि सायंकाळी आळीतील मुलींनी जमून टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणावयाची. गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येई. आत खिरापत काय आहे, हे ओळखल्यावाचून ती मिळत नसे. डबा कानाशी हलवून पाहावयाचा. वाजला तर फल्लीदाणे किंवा फुटाणे, न वाजला तर शिरा किंवा करंजी. चाणाक्ष गृहिणी मुलींना चकविण्यासाठी शिऱ्याच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकीत, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

माझ्या आईला ही गाणी अतिशय प्रिय होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. माहेर मुर्तिजापूरचे. तिने माझ्या थोरल्या बहिणीस जवळ बसवून आपल्याला येणारी सर्व गाणी शाळेच्या एका वहीत उतरवून घेतली होती. त्यांतील एका गाण्यास तिने स्वतःचे एक कडवे जोडले होते. सासुरवाशीण माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि घरातील प्रत्येक जण तिला दुसऱ्याकडे पाठवितो, अशा घाटाचे गाणे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आईच्या कडव्यात ती सासुरवाशीण अखेर परवानगी मिळवून बडनेरा स्टेशनवर येते, गाडीत बसते आणि एकेक स्टेशन मागे टाकीत मुर्तिजापुरास पोहोचते. ते कडवे म्हणताना आई टिपऱ्यांचा ठेका गाडीच्या चाकांसारखा धरी. हे माझ्या ऐकण्यातले आहे; शब्द मात्र मी कधी लक्ष देऊन ऐकले नाहीत. मुलींची गाणी म्हणून मी अंगणात गोट्या खेळत असे.

आता १९९८ सालची दिवाळी. मी त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा, शिस्तीचा मास्तर. शाळेतील कपाटे जशी आवरतो, तसे घर आवरावयाचे असे मी ठरविले. दोन दिवसांत माळा रिकामा केला. आप्तांच्या पेट्यांना हात लावण्याचा धीर झाला नाही. कारण त्यांचे मालक केव्हाही उगवतील ही धास्ती होती. ज्यांचा मालक घरातच होता, त्या वस्तूंवर मात्र मी मोठे शौर्य गाजविले. जुने पेपर, तपासलेल्या उत्तरपत्रिका, अर्धवट भरलेल्या वह्या यांचे गठ्ठे बांधले आणि तीन रुपये किलो दराने रद्दीवाल्यास देऊन टाकले. आईला विचारावे असे मला सुचलेही नाही. ती स्वयंपाकघरात चकल्या तळीत होती.

पुढील वर्षी भाद्रपदी पौर्णिमा आली. आईने वही शोधली. पेटीत पाहिली, देव्हाऱ्याखाली पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावरून तिला उत्तर मिळाले असावे. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “रद्दीले काय भाव आला होता रे, बापू?”

मी म्हणालो, “तीन रुपये किलो.”

“वही पाव किलोची असन. म्हंजे बारा आणे झाले.”

असे म्हणून ती भुलाबाईपुढे बसली आणि जेवढी आठवली तेवढी गाणी तिने म्हटली. मुलांना आयुष्यभर गणिते घातली मी. परंतु मला घातलेले गणित म्हणून एवढेच एक आजतागायत स्मरणात आहे. आई २००६ साली गेली. तोवर मी तिला, “आई, आता सांग, मी लिहून घेतो,” असे म्हणू शकलो असतो. सात वर्षे हाताशी होती. संकोच वाटत राहिला, आणि आज नाही तर उद्या, असे करता करता ती वेळ गेली. वही विकली ही चूक एका दुपारची होती. न विचारण्याची चूक सात वर्षांची आहे.

यानंतर २०१९ च्या कोजागिरीची रात्र. मुलगा, सून, नातवंडे पुण्याहून आली होती. माझी थोरली बहीण अकोल्याहून आली होती. दूध आटत होते आणि एवढ्यात वीज गेली. दूरचित्रवाणी बंद, मोबाइलची शक्ती संपलेली. तेव्हा निरुपायाने भेंड्या सुरू झाल्या. पंचाचे काम अर्थातच मास्तरांकडे. पहिला तास हिंदी गाण्यांत गेला. मग एक मराठी गाणे संपले ते “माळ” या शब्दावर, आणि वाद उत्पन्न झाला. मराठीत “ळ” ने शब्द आरंभ होत नाही, सबब “ल” घ्यावा, असा पुण्याच्या नातवाचा मुद्दा. माझी बहीण म्हणाली, “ल कायचा? आपल्या बोलीत ळ ले यच म्हणते. मी तं य वरूनच म्हणीन.” गोष्ट खरी आहे. वऱ्हाडी बोलीत काळा तो काया, डोळा तो डोया. त्या हिशेबाने माळ ती माय झाली. नातू म्हणाला, “आबाजी, हा अन्याय आहे!” मी व्याकरण आणि बहीण यांच्यामध्ये सापडलो. शेवटी निकाल दिला की, ज्या गावी भेंड्या खेळावयाच्या, त्या गावची बोली प्रमाण.

बहिणीने “य” वरून गाणे उचलले ते भुलाबाईचे. नातवाने पुनश्च हरकत घेतली की, हे गाणे चित्रपटातील नाही. ती हरकत मी ऐकलीच नाही. कारण ते गाणे आईच्या वहीतील होते. त्याच्या शेवटच्या अक्षरावरून तिला दुसरे आठवले. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ऐकत होत्या. त्यांना तिसरे आठवले आणि त्या टिपऱ्या घेऊनच आमच्या अंगणात आल्या. ज्या गोष्टी सरळ आठवावयास बसले असता आठवत नव्हत्या, त्या एका अक्षराने हात धरून बाहेर काढल्या. त्या रात्री चांदण्यात अकरा गाणी जमली. नातीने ती माझ्या टॉर्चच्या उजेडात एका नव्या वहीत लिहून घेतली. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही दूर राहणाऱ्या मावशा, आत्या, चुलतबहिणी यांना फोन करून आणखी गोळा केली. आज त्या वहीत चौतीस गाणी आहेत. आईच्या वहीत इतकीच होती की अधिक, हे सांगावयास ती वही नाही.

हे सर्व गोड झाले, असे आपणांस वाटेल. एक गोष्ट राहिली आहे. जी गाणी सर्वांची होती, ती सर्वांकडून परत मिळाली. आईने स्वतः रचलेले कडवे तेवढे मिळाले नाही. कारण ते एकाच ठिकाणी लिहिलेले होते आणि ती जागा मी तीन रुपये किलोने विकली. बहिणीला त्यातले अर्धे आठवते. सासुरवाशीण गाडीत बसते, गाडी बडनेरा सोडते, कुरुमला येते. आणि तेथे बहिणीची आठवण थांबते. पुढे माना आहे, पुढे मुर्तिजापूर आहे. परंतु आमच्या घरची ती गाडी सहा वर्षांपासून कुरुमलाच उभी आहे; आईचे माहेर अद्याप आलेले नाही.

बंधुभगिनींनो, या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातील एका महापुरुषाचे स्मरण होते. श्री संत गाडगेबाबा यांचा जन्म १८७६ साली आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी एक खोलीही राखली नाही. ते दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. मी लहानपणापासून यातील खराटाच शिकलो आणि मुलांनाही शिकविला. झाडून झाल्यावर त्या स्वच्छ जागी सर्वांनी मिळून बसावयाचे, गावयाचे, बोलावयाचे, हा त्यातील दुसरा भाग माझ्या ध्यानात आला नाही. जागा रिकामी करावयाची ती माणसांना बसता यावे म्हणून.

आम्ही आता वयाच्या अशा टप्प्यावर आहोत की, आपल्या पश्चात हा पसारा मुलांनी का उपसावा, असा विचार मनात येतो. स्वीडन देशात यासाठी एक स्वतंत्र शब्दच आहे. त्याचा अर्थ मरणापूर्वीची साफसफाई असा होतो. मार्गारेटा मॅग्नुसन या वृद्ध बाईंनी २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिले. म्हातारपणी आपले सामान आपणच हलके करावे, हा त्यांचा सांगावा मला पटतो. आमच्या घरी या वर्षी तो अमलात आणीत आहोत. फक्त त्यात मी एक सुधारणा केली आहे. वस्तूंचे तीन ढीग करतो. पहिला ठेवण्याचा, दुसरा देण्याचा, तिसरा विचारण्याचा. या तिसऱ्या ढिगातील वस्तू घरातील प्रत्येक माणसाच्या हातून गेल्याखेरीज दाराबाहेर जात नाही. सायंकाळी सर्वांनी ओसरीवर बसावयाचे, एकेक वस्तू पुढे ठेवावयाची आणि जिला जे आठवेल ते तिने सांगावयाचे. सांगून झाले की बहुतेक वस्तू सुखाने जातात. भोकाची बादलीसुद्धा परवा गेली. सौभाग्यवतींनी ती कोणत्या बाजारातून आणि किती घासाघीस करून आणली, ही हकीकत मात्र आता घरातील सर्वांना पाठ आहे.

माझी आपणांस दोन विनंत्या आहेत. पहिली ही की, येत्या पंधरवड्यात आपण सर्व जण घरे झाडाल. रद्दीचा काटा दाराशी येण्यापूर्वी प्रत्येक वही एकदा उघडून पाहा आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस ती दाखवा. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. घरात वही नसेल, पण म्हातारी आजी असेल, तर दिवाळीच्या सुटीत मुलांनी तिच्यासमवेत भेंड्या खेळाव्यात, आणि जे निघेल ते लिहून ठेवावे. एका वहीत नव्हे, दोन वह्यांत. एक आपल्या घरी आणि एक दुसऱ्या घरी.

दुसरी विनंती माझी स्वतःची आहे. आज येथे जमलेल्या मंडळींत मुर्तिजापूर, माना, कुरुम या बाजूच्या माहेरवाशिणी पुष्कळ आहेत. तुमच्या आईने, आत्याने वा आजीने भुलाबाईच्या गाण्यात आगगाडीचे एखादे कडवे म्हटलेले कोणाच्या कानावर असेल, तर मला आज दूध पिण्यापूर्वी अवश्य सांगावे. माझी आई माहेरी जाई तेव्हा तेथील मुलींत बसून गात असे. तिने ते कडवे कोणाला शिकविले असण्याचा संभव आहे. माझी बहीण पुढल्या ओळीत बसली आहे, टिपऱ्या तिने बरोबर आणल्या आहेत, आणि नवी वही नातीच्या हातात आहे.

दूध आटले आहे असा वास येतो. तेव्हा मी आपली रजा घेतो.